डास जाळीतून नाही, जाळीच्या कडेनं येतो

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, आम्ही डॉक्टर नाही आणि कीटकशास्त्राचे अभ्यासकही नाही. आम्ही पूर्व भागातले पाच-सहा जण आहोत. दोघं शाळेत शिकवतात, एक जण वेल्डिंग करतो, एक ताई युनिफॉर्मच्या शिलाईचं काम करतात, एक रिक्षा चालवतो. रविवारी वेळ मिळेल तसं घरोघर जाऊन डासांच्या जाळ्या बसवून देतो. त्यात ज्या चुका केल्या आणि त्यांतून जे शिकलो, ते आज सांगायचं आहे. आमच्या भागात मराठीत डास म्हणतात, तेलुगूत दोम, कन्नडमध्ये सोळ्ळे. चावतो सगळ्यांना सारखाच.

हे काम सुरू कसं झालं? आमच्यातल्या एकाच्या मुलीला एका पावसाळ्यात डेंगी झाला. सहावीत होती. प्लेटलेट उतरायला लागल्या, आठ दिवस दवाखान्यात काढले, बरी होऊन घरी आली. पण बाप एकच प्रश्न विचारत राहिला, "माझ्या घराला सगळ्या खिडक्यांना जाळी आहे. मग डास आला कुठनं?"

आम्ही सगळे मिळून घर बघायला गेलो. जाळी खरंच होती आणि चांगली होती. मग मोरीत गेलो. तिथं निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं, दोनशे लिटरचं. वर लाकडी फळी आणि फळीच्या बाजूला दोन बोटं फट. टॉर्च मारला तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्याच पिंपातला डास मुलीला चावला असं आम्ही म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. कदाचित शेजारच्या घरात चावला असेल, कदाचित शाळेत. पण एक गोष्ट त्या दिवशी डोक्यात बसली. ज्या घराच्या खिडक्यांना जाळी आहे आणि पिंप उघडं आहे, त्या घरात जाळी डासाला बाहेर ठेवत नाही. जन्मलेल्या डासाला आपल्याबरोबर आत ठेवते.

हे नीट कळायला जाळीचा थोडा इतिहास बघू.

२० ऑगस्ट १८९७. सोलापूरहून वाडीमार्गे रेल्वेनं जाता येतं त्या सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाच्या जंतूची वाढ दिसली. तीनच वर्षांनी, १९०० साली, इटलीत रोमजवळच्या दलदलीच्या भागात एक प्रयोग झाला. लो आणि साम्बोन नावाचे दोन डॉक्टर जाळी लावलेल्या लाकडी झोपडीत राहिले. दिवसा बाहेर हिंडायचे, भिजायचे, लोकांत मिसळायचे. एकच नियम होता, सूर्य मावळायच्या आत झोपडीत यायचं आणि उजाडेपर्यंत बाहेर पडायचं नाही. मलेरियाचा सगळा हंगाम त्यांनी तिथं काढला. आसपासची माणसं तापानं आजारी पडत होती, या दोघांना काही झालं नाही. जगाला जाळीची ताकद कळली ती अशी.

पण तो डास कोणता होता ते लक्षात घ्या. तो बाहेर, दलदलीत जन्मायचा आणि रात्री घरात शिरायचा. डेंगीचा डास, एडिस इजिप्ती, याच्या उलट आहे. पायांवर पांढरे पट्टे असतात, दिवसाउजेडी चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटर. म्हणजे तो आपल्या गल्लीतला, बऱ्याचदा आपल्याच घरातला असतो.

आणि सोलापूरला साठवलेलं पाणी काय नवीन आहे का? उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात आहे, तरी शहरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन-चार, कधी पाच दिवसांआड येतं. आलं की जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं. पिंप, हौद, बादल्या, पातेली. त्याला इलाज नाही, आम्हीही तेच करतो. गरम हवेत अंड्यापासून डास उडायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. तुम्ही म्हणाल, पाणी तर चार दिवसांत संपतं. संपत नाही. तळाला वीतभर राहतं आणि त्याच्यावर नवीन पाणी पडतं. शिवाय हा डास अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटवतो. ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी चढलं की फुटतात. म्हणून कोरड्या दिवशी पिंप नुसतं पालथं करून चालत नाही, काथ्यानं आतून घासावं लागतं.

तेव्हा आमचा क्रम ठरला. आधी पाणी, मग छत, मग खिडकी. तिन्ही ठिकाणी नियम एकच. जाळी किती भारी आहे यापेक्षा तिची कड कशी बसली आहे ते बघायचं.

आता जाळी कशी निवडायची ते सांगतो. सोलापूरकराला हे शिकवावं लागत नाही, मागावर काम केलेल्या माणसाला इंचात किती धागे ते बोटानं कळतं. जाळीवर पट्टी ठेवा आणि एका इंचातली भोकं मोजा. उभी-आडवी सोळा ते अठरा हवीत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सोळा भोकं म्हणजे प्रत्येकाला साधारण १.६ मिलिमीटर जागा. त्यातून तारेची जाडी ०.३ गेली की भोक राहिलं १.३ मिलिमीटरचं. डास त्यातून येत नाही. चिलटं येऊ शकतात, पण चिलटांसाठी आणखी बारीक जाळी घेतली तर मे महिन्यात घरात बसवणार नाही. नायलॉनची जाळी स्वस्त असते पण उन्हानं कडक होऊन फाटते. फायबरग्लासची टिकते, मात्र कापताना तिचे तंतू हाताला टोचतात, हातमोजे घाला. उंदरांचा त्रास असेल तिथं स्टीलचीच घ्या.

पिंपाचं झाकण

इथं जाळी नको, दाट सुती कापड घ्या. त्यानं ऊनही अडतं, पाण्यात शेवाळ कमी धरतं. पिंपाचं तोंड समजा ५८ सेंटीमीटर रुंद आहे. कापड कडेवरून खाली १५ सेंटीमीटर उतरलं पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून ३०. वर नेफ्यासाठी चार. एकूण ९२ सेंटीमीटरचा गोल. मीटरभर पन्ह्याच्या कापडात बसतो. कडेनं नेफा शिवायचा आणि त्यात नाडी घालायची. पहिल्यांदा आम्ही इलॅस्टिक घातलं होतं, एका उन्हाळ्यात सैल झालं. नाडी बरी. ओढून घट्ट बांधायची आणि पिंपाच्या ओठाखाली बसवायची. ओठाच्या वर बांधली तर सटकते.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. सुरुवातीला आम्ही तीसेक झाकणं शिवून वाटली. महिन्यानं बघायला गेलो तर निम्मी झाकणं खुंटीला टांगलेली! एका आजींनी आम्हाला सरळ विचारलं, "दिवसातनं वीस येळा पाणी घेते मी. वीस येळा नाडी सोडू आन् बांधू का रे?" बरोबर होतं त्यांचं. आम्ही डासाचा विचार केला होता, पाणी काढणाऱ्या बाईचा नाही.

मग दोन बदल केले. पिंपाला तळापासून चार बोटं वर तोटी बसवली आणि पिंप दोन विटांवर चढवलं. पाणी तोटीनं घ्यायचं, झाकण उघडायचंच नाही. दुसरं म्हणजे भरण्यासाठी झाकणाच्या मधोमध कापडाची एक बाही शिवली, सदऱ्याला असते तशी, वीतभर लांब. नळाची पाईप बाहीतून आत घालायची, भरून झालं की बाही पिळून नाडीनं बांधायची. ही कल्पना आमच्या शिलाईवाल्या ताईंची. आणि एक काळजी घ्या, पिंप काठोकाठ भरू नका. कापड पाण्याला टेकलं की ओलं राहतं आणि ओल्या कापडावर डास अंडी घालू शकतो. चार बोटं जागा सोडा.

जाताजाता, संडासाच्या टाकीचा हवेचा पाईप असतो, त्याच्या तोंडाला जाळी बांधायला विसरू नका. रात्री गुणगुणणारे क्युलेक्स डास तिथूनच येतात. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाईपलाही तसंच करा. आणि कूलर! त्याच्या तळातलं पाणी आठवड्यातनं एकदा पूर्ण काढून ट्रे घासायचा.

छतावरचं तोंड

जुन्या सोलापुरात, बार्शी-पंढरपूरकडे, माळवदाची घरं अजून आहेत. वर मातीचं जाड छत आणि त्यात उजेडासाठी, धूर जायला ठेवलेलं चौकोनी भोक. कोणी त्याला साणं म्हणतं, कोणी नुसतं झरोका. नव्या स्लॅबच्या घरात साणं नाही, पण गच्चीवर जाणाऱ्या जिन्याचं तोंड तसंच उघडं असतं. गरम हवा वर चढते आणि तिथूनच बाहेर जाते. ते बंद केलं तर घराची भट्टी होते, उघडं ठेवलं तर डास येतात.

या भोकाला जाळी कशी बसवायची ते आम्हाला बरेच दिवस कळेना. आजूबाजूला मातीचा काठ, खिळा धरत नाही, काही चिकटत नाही. उत्तर मिळालं ते बोटीवरून. हसू नका! २००९-१० साली दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते आपल्याला माहीत आहे. अशा बोटींमध्ये खाली राहायची जागा असते आणि वरच्या डेकला हवेसाठी झाकणाची भोकं असतात, त्यांना हॅच म्हणतात. म्हणजे बोटीचं साणंच की ते. बंदरात किंवा खाडीत नांगर टाकला की डास आत येतात. मग शिडाच्या बोटीवर राहणारे लोक घरी शिवलेली जाळी वापरतात. खिळा नाही, चौकट नाही. भोकापेक्षा मोठा जाळीचा तुकडा घ्यायचा, त्याच्या कडेला नेफा शिवायचा, नेफ्यात साखळी किंवा वजन घालायचं आणि भोकावर नुसता टाकायचा. वजनानं कड खाली बसते. काढायचं तर एका हातानं उचलायचं.

आम्ही तेच केलं. साणं दोन फूट बाय दोन फूट असेल तर जाळी तीन बाय तीन घ्या, म्हणजे चारी बाजूंना अर्धा फूट बाहेर राहते. नेफ्यात साखळीऐवजी वाळू. पहिल्यांदा वाळू तशीच भरली तर ती सगळी एका कोपऱ्यात जमली आणि पावसात भिजून कापड कुजलं. आता सायकलच्या जुन्या ट्यूबचे हातभर तुकडे कापतो, कोरडी वाळू भरतो, दोन्ही तोंडं बांधतो आणि एकेक तुकडा नेफ्यात घालतो. कोपऱ्यात दोन तुकडे एकमेकांवर आले पाहिजेत, नाही तर तिथं फट राहते. उन्हाळ्यात वावटळ आली तर जाळी उडते, म्हणून चार कोपऱ्यांना दोरी लावून विटांना बांधा. पावसाळ्यात वरून पत्र्याचं झाकण ठेवायचं, पण ते विटांवर उचलून, म्हणजे हवा चालू राहील.

छताला एवढं महत्त्व का, असं कोणी विचारेल. आफ्रिकेतल्या गांबिया देशात झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. काही घरांत दारं-खिडक्यांना जाळी लावली आणि छपराखालच्या फटी बुजवल्या. तिथं घरात शिरणारे डास निम्म्याहून जास्त घटले. काही घरांत फक्त छताखाली जाळी ताणली, म्हणजे भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटीतून येणारी वाट बंद केली. तिथंही जवळपास निम्मे घटले. आपण खिडकीकडे बघत बसतो आणि डास वरच्या फटीतून येतो.

खिडकी

खिडकीला काय लावायचं हे भिंत आणि चौकट बघून ठरवा. लोखंडी चौकट असेल तर चुंबकाची पट्टी सगळ्यात सोपी. जाळीच्या कडेला पट्टी शिवायची, चौकटीला आपोआप धरते. लाकडी चौकट असेल तर वेल्क्रो. त्याच्या मागं जो गोंद असतो त्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, गोंद पातळ होतो आणि पट्टी घसरते. वेल्क्रोला वीत-वीत अंतरावर बारीक चुका मारा. चुना दिलेल्या भिंतीला तर काहीच चिकटवू नका, गोंद चुन्याचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. तिथं लाकडी पट्टीची चौकट करा आणि स्क्रूनं बसवा.

जाळी चौकटीपेक्षा सगळीकडून दोन इंच जास्त कापा आणि कडेला कापडाची पट्टी शिवा. युनिफॉर्मच्या कारखान्यातले कपड्याचे तुकडे आपल्याकडे भरपूर मिळतात. नुसत्या जाळीची कड उसवते आणि लाटांसारखी होते, प्रत्येक लाटेखाली एक दार. पट्ट्या कोपऱ्यात टोकाला टोक लावून जोडू नका, एकावर एक चढवा. टीव्हीची वायर, कूलरची पाईप जिथून जाते तिथं कापडाचा बोळा घट्ट बसवा.

वाऱ्याचं काय? जाळी वारा अडवते, हे खरं आहे. सोळा-अठराच्या जाळीत साधारण दोन तृतीयांश जागा मोकळी असते, बाकी तार. सोलापूरच्या उन्हाळ्यात जाळी काढून फेकली जाते ती याच कारणानं. इथं थोडा हिशोब करू. खिडकी तीन बाय चार फूट, म्हणजे बारा चौरस फूट. तिला सपाट जाळी लावली तर मोकळी जागा उरली आठ चौरस फूट. आता बाहेर नऊ इंच पुढं आलेली पेटीसारखी ग्रील असेल तर जाळी त्या ग्रीलवर लावा. समोर बारा, दोन्ही बाजू मिळून सहा, वरची सव्वादोन. तळ सोडला तरी झाले सव्वावीस चौरस फूट. त्याचे दोन तृतीयांश साडेतेरा. उघड्या खिडकीच्या बारा फुटांपेक्षा जास्त! वारा अगदी पहिल्याइतका येतो असं नाही, पण सपाट जाळीपेक्षा फरक कळतो. अगरबत्ती लावून धूर कसा वळतो ते बघा. आणि पंधरा दिवसांनी जाळी धुवा. धुळीनं भोकं बुजली की आमचा सगळा हिशोब बुजला.

शेवटी तपासणी. आमच्याकडे एकच यंत्र आहे, काडेपेटीतली काडी. ती साधारण दोन मिलिमीटर जाड असते. पिंपाच्या झाकणाखाली, जाळीच्या कडेला, कोपऱ्यात, दाराच्या खाली काडी घालून बघा. काडी जात असेल तर डास जातो. रात्री आत दिवा लावून बाहेरून बघितलं तर उजेडाच्या रेघा दिसतात, त्यानंही फटी कळतात. दवाखान्यातून घरी आलेली ती मुलगी आता कॉलेजला जाते. आमच्याबरोबर रविवारी येते तेव्हा काडीचं काम तिच्याकडे असतं, आणि ती आमच्यापेक्षा कडक आहे. आम्ही 'चालतंय की' म्हणतो, ती परत शिवायला लावते.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न : आम्ही भाड्यानं राहतो. मालक खिळा मारू देत नाही.

उत्तर : लोखंडी ग्रील असेल तर चुंबक लावा, खिळा लागत नाही. लाकडी चौकटीत फळीची सुटी चौकट अगदी मापात करा, कडेला जुन्या टॉवेलची पट्टी लावा आणि दाबून बसवा. घर सोडताना घेऊन जा. पिंपाचं झाकण तर तुमचंच आहे, त्याला मालकाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : हौद मोठा आहे, झाकता येत नाही. गप्पी मासे सोडू का?

उत्तर : न झाकता येणाऱ्या हौदात, विहिरीत गप्पी मासे चांगले, अळ्या खातात. पिण्याच्या पाण्याला मात्र झाकणच हवं.

प्रश्न : सगळं एकदम जमणार नाही. एकच करायचं तर काय करू?

उत्तर : आज घरी गेल्यावर पिंप बघा. टॉर्च मारा, वळवळ दिसली तर पाणी मातीवर ओता, गटारात नको. पिंप आतून घासा आणि तोंडाला कापड बांधा. सुतळीनं बांधलं तरी चालेल. नाडी, नेफा, बाही पुढच्या रविवारी करू. येताना पिंपाच्या तोंडाभोवती दोरा गुंडाळून माप घेऊन या.